चौथ्या महिन्यातली भीती आणि शिरोडकरांचा टाका

मंगळवेढ्यासारख्या तालुक्याच्या गावी दवाखाना चालवणारा स्त्रीरोगतज्ज्ञ असो वा लंडनच्या मोठ्या रुग्णालयातील सर्जन, 'शिरोडकर' हे नाव दोघांनाही पाठ्यपुस्तकातून परिचित असते. त्या नावामागचा माणूस मात्र सर्वसामान्यांच्या स्मरणातून जवळजवळ पुसला गेला आहे.

डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर यांचा जन्म १८९९ मध्ये गोव्यातील शिरोडा या गावी झाला. हुबळीत शालेय शिक्षण घेऊन ते मुंबईच्या ग्रँट मेडिकल महाविद्यालयात दाखल झाले. १९२३ मध्ये पदवी, १९२७ मध्ये एम. डी. आणि १९३१ मध्ये इंग्लंडमध्ये एफ. आर. सी. एस. असा त्यांचा शैक्षणिक प्रवास झाला. पुढे ग्रँट महाविद्यालयात त्यांनी प्राध्यापकपद भूषविले.

त्यांच्यापुढे येणाऱ्या स्त्रियांपैकी काहींची व्यथा विलक्षण होती. गर्भधारणा सुरळीत होई, पहिले तीन महिने निर्धोक जात. मग चौथ्या ते सहाव्या महिन्यात, फारशा कळा न येताच गर्भपात होई. पुन्हा दिवस जात आणि पुन्हा तेच घडे. ज्या समाजात मूल नसल्याचा सारा दोष बाईच्या माथी मारला जाई, तेथे या वेदनेचे ओझे केवळ शारीरिक नव्हते. विश्रांती आणि संप्रेरकांची औषधे यांपलीकडे डॉक्टरांच्या हाती फारसे काही नव्हते.

शिरोडकरांनी या दुखण्याकडे काहीसे स्थापत्य अभियंत्याच्या नजरेने पाहिले. गर्भ निरोगी आहे, गर्भाशयही ठीक आहे. वाढता भार पेलणारे गर्भाशयमुख तेवढे दुबळे आहे. मग त्याला बाहेरून आधार का देऊ नये? अमेरिकेत १९५० च्या सुमारास गर्भाशयमुखाच्या दुरुस्तीची शस्त्रक्रिया मांडली गेली होती, पण ती गर्भधारणा नसताना करावयाची होती. शिरोडकरांनी गर्भवती असतानाच टाका घालण्याचे धाडस केले. मूत्राशय अलगद वर सरकवून, गर्भाशयमुखाच्या आतील तोंडाच्या पातळीवर ते एक पट्टी गुंडाळीत. ही पट्टी प्रारंभी रुग्णाच्याच मांडीतील स्नायूंवरील चिवट आवरणातून काढलेली असे. कालांतराने तिची जागा पॉलिस्टरच्या विणलेल्या फितीने घेतली. या अडचणीच्या जागी पोहोचण्यासाठी लागणाऱ्या वक्र सुयाही त्यांच्याच नावाने ओळखल्या जातात. प्रसूतीचा काळ जवळ आला की टाका काढायचा, किंवा सिझेरियन करायचे.

हा शोध १९५५ मध्ये मद्रासच्या 'अँटिसेप्टिक' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. दोनच वर्षांनी मेलबर्नच्या इयन मॅकडोनाल्ड यांनी मूत्राशय न सरकवता, बटव्याची नाडी ओढावी तसा सोपा टाका प्रसिद्ध केला. घालण्यास आणि काढण्यास सोपा असल्याने तो अधिक रूढ झाला, हे मान्य करावेच लागेल. मात्र अधिक उंचावर आधार हवा असेल तेथे शिरोडकरांची पद्धत आजही वापरली जाते.

आधार देण्याचे हेच सूत्र त्यांनी अंग बाहेर येण्याच्या विकारातही वापरले. तरुण स्त्रीचे गर्भाशय काढून टाकण्याऐवजी फितीच्या साह्याने ते मागे माकडहाडाच्या वरील त्रिकास्थीला बांधण्याची त्यांची शस्त्रक्रिया प्रसिद्ध आहे. मुंबईचेच डॉ. बी. एन. पुरंदरे यांनी तोच आधार पुढील बाजूने, पोटाच्या स्नायूंच्या आवरणातून दिला. मूल हवे असलेल्या स्त्रीसाठी हा फरक किती मोठा होता, हे वेगळे सांगायला नको.

भारत सरकारने शिरोडकरांना १९६० मध्ये पद्मभूषण आणि १९७१ मध्ये पद्मविभूषण देऊन गौरविले. ७ मार्च १९७१ रोजी त्यांचे निधन झाले.

टाक्याचा लाभ नेमका कोणाला, याचे उत्तर मिळण्यास पुढे बराच काळ जावा लागला. १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय चाचणीत १,२९२ स्त्रियांचा अभ्यास झाला. सरसकट प्रत्येकीला नव्हे, तर तीन किंवा अधिक वेळा गर्भ गमावलेल्या वा अकाली प्रसूती झालेल्या स्त्रियांना त्याचा स्पष्ट उपयोग दिसला. धागा विणलेला असावा की एकपदरी, या प्रश्नावर ब्रिटनमध्ये दोन हजारांहून अधिक स्त्रियांवर चाचणी झाली. २०२२ मध्ये तिचे निष्कर्ष आले, तेव्हा गर्भ गमावण्याच्या प्रमाणात दोन्ही धाग्यांत फरक आढळला नाही.