विश्लेषण : कॉफी हाऊसमधल्या गप्पांतून ‘पथेर पांचाली’ कसा घडला?

सत्यजित राय (१९२१-१९९२) यांनी पहिला चित्रपट हाती घेतला तेव्हा ते जाहिरात कंपनीत नोकरी करत होते. ना स्टुडिओत उमेदवारी केलेली, ना चित्रपटाचे शिक्षण घेतलेले. आवडलेली कादंबरी पुन्हा पुन्हा वाचणे आणि मित्रांशी चित्रपटांवर तासन्‌तास बोलणे, हीच त्यांची शाळा होती.

कादंबरी हाती कशी आली?

शांतिनिकेतनात चित्रकला शिकून राय १९४३ मध्ये कोलकात्यातील डी. जे. कीमर या ब्रिटिश जाहिरात कंपनीत लागले. पगार महिना ८० रुपये. जोडीला ते सिग्नेट प्रेससाठी पुस्तकांची मुखपृष्ठे करत. बिभूतिभूषण बंदोपाध्याय यांच्या ‘पथेर पांचाली’ची मुलांसाठीची संक्षिप्त आवृत्ती तिथून निघणार होती. तिची चित्रे काढण्यासाठी राय यांनी कादंबरी बारकाईने वाचली. त्या वेळी काढलेल्या चित्रांतली काही दृश्ये पुढे चित्रपटातही आली.

गप्पांचा उपयोग काय झाला?

१९४७ मध्ये राय, चिदानंद दासगुप्ता आणि इतर मित्रांनी कलकत्ता फिल्म सोसायटी सुरू केली. परदेशी चित्रपट मिळवायचे, पाहायचे आणि त्यांवर वाद घालायचे, असा शिरस्ता. सेंट्रल अॅव्हेन्यूवरच्या कॉफी हाऊसमध्ये याच मंडळींचा अड्डा जमे. एखाद्या कादंबरीवर चित्रपट येणार असे जाहीर झाले, की राय ती वाचून स्वतःची पटकथा लिहीत आणि चित्रपट आल्यावर ताडून पाहत. १९४९ मध्ये फ्रेंच दिग्दर्शक ज्याँ रेन्वार ‘द रिव्हर’साठी जागा शोधायला आले. त्यांच्यासोबत राय बंगालच्या खेड्यांत हिंडले.

निर्णय कधी पक्का झाला?

१९५० मध्ये कंपनीने त्यांना लंडनला पाठवले. काही महिन्यांच्या मुक्कामात त्यांनी सुमारे शंभर चित्रपट पाहिले. त्यांत इटलीचा ‘बायसिकल थीव्ज’ होता. स्टुडिओबाहेर, खऱ्या रस्त्यांवर, नवख्या माणसांना घेऊन चित्रपट करता येतो, याची खात्री त्याने पटवली. परतीच्या बोटीवर त्यांनी ‘पथेर पांचाली’ची टिपणे काढायला घेतली. त्याच वर्षी बिभूतिभूषण यांचे निधन झाले. हक्क त्यांच्या पत्नीने दिले.

खरी अडचण कोणती होती?

पैशांची. निर्मात्यांना दाखवायला राय यांच्याकडे रीतसर पटकथाही नव्हती, होती ती चित्रांची वही. निर्मात्यांनी नकार दिल्यावर विम्याच्या पॉलिसीवर कर्ज काढून ऑक्टोबर १९५२ मध्ये चित्रीकरण सुरू झाले. कॅमेरामन सुब्रत मित्र अवघे २१ वर्षांचे. त्यांनी चित्रपटाचा कॅमेरा कधी चालवला नव्हता. कलादिग्दर्शक बन्सी चंद्रगुप्त हे फिल्म सोसायटीतलेच मित्र. नोकरी सोडणे परवडणारे नव्हते, म्हणून सुरुवातीला सुटीच्या दिवशी काम चाले. अपू आणि दुर्गा ज्या काशफुलांच्या रानातून धावतात, तिथले अर्धे दृश्य घेऊन मंडळी आठवड्याने परतली, तर गुरांनी सगळी फुले खाऊन टाकलेली! पुढच्या मोसमापर्यंत थांबावे लागले.

पैसे संपले की काम महिनोन्‌महिने बंद पडे. पत्नी बिजोया यांचे दागिने गहाण पडले. अपूचा आवाज फुटला, दुर्गा मोठी दिसू लागली किंवा ऐंशीच्या घरातल्या चुनीबाला देवींना काही झाले असते, तर आधीचे सारे चित्रीकरण वाया गेले असते. अखेर पश्चिम बंगाल सरकारने पैसे दिले. २६ ऑगस्ट १९५५ रोजी चित्रपट कोलकात्यात झळकला आणि पुढच्या वर्षी कान महोत्सवात गौरवला गेला.

पुढे काय झाले?

वाचलेल्या साहित्याकडे पुन्हा जाण्याची सवय राय यांनी सोडली नाही. रवींद्रनाथ, प्रेमचंद यांच्या कथा-कादंबऱ्यांवर त्यांनी चित्रपट केले. प्रेमचंदांच्या कथेवरील ‘सद्गती’मध्ये स्मिता पाटील आणि मोहन आगाशे होते. १९५९ मध्ये देशभरच्या फिल्म सोसायट्यांचा महासंघ स्थापन झाला, त्याचे अध्यक्ष राय होते. मुंबईत १९६८ मध्ये सुरू झालेले प्रभात चित्र मंडळ याच चळवळीतले. चित्रपट एकत्र पाहायचा आणि मग त्यावर बोलायचे, ही कॉफी हाऊसमधली रीत अशी मराठी प्रेक्षकांपर्यंतही पोहोचली.