अंगणात शाळा नेणाऱ्या ताराबाई मोडक

बडोद्याहून मुंबईला जाताना उमरगाव मागे पडले की घोलवड स्टेशन येते. नोकरीच्या काळात आम्ही या मार्गाने असंख्य वेळा गेलो. पण तिथून जवळच्या बोर्डी गावात लहान मुलांसाठी केवढे मोठे काम उभे राहिले, हे आम्हाला कळले ते निवृत्तीनंतर, घरात दीड वर्षांचा नातू धावू लागला तेव्हा. ते काम ताराबाई मोडकांचे. मंडळातल्या आजी-आजोबांना आणि तरुण आईबाबांना त्यांची ओळख करून द्यावी, म्हणून हा लेख.

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ रोजी मुंबईत झाला. वडील सदाशिवराव केळकर प्रार्थना समाजाचे, त्यामुळे घरात मुलींच्या शिक्षणाला आडकाठी नव्हती. १९१४ साली ताराबाई मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर झाल्या. त्या काळी पदवीधर स्त्रिया फारच थोड्या होत्या. अमरावतीच्या मोडक वकिलांशी त्यांचा विवाह झाला, पण तो संसार टिकला नाही. १९२१ मध्ये दोघे विभक्त झाले. पदरी लहान मुलगी आणि समोर सगळे आयुष्य. पुढे राजकोटला शिक्षिका तयार करणाऱ्या कॉलेजात त्या प्राचार्य झाल्या. पगाराची, मानाची नोकरी होती.

ती सोडून १९२३ मध्ये त्या भावनगरला गेल्या. तिथे गिजुभाई बधेका यांनी दक्षिणामूर्ती संस्थेत बालमंदिर सुरू केले होते. गिजुभाई मूळचे वकील. मुलांना छडी आणि घोकंपट्टी नको, त्यांना हातापायांनी काम करू द्या, हा त्यांचा आग्रह होता. इटलीच्या मारिया मॉन्टेसरी यांच्या पद्धतीचा आधार घेऊन या दोघांनी तिला आपल्या घरांचे रूप दिले. मुले स्वतः पाणी ओतत, केर काढत, बटणे लावत. त्याच्या जोडीला गोष्टी, गाणी आणि नाच आले. १९२६ मध्ये नूतन बाल शिक्षण संघ स्थापन झाला. गुजराती मुलांसाठी एका मराठी बाईंनी आपली उमेदीची वर्षे दिली, ही गोष्ट गुजरातेत राहणाऱ्या आपल्याला विशेष जवळची वाटावी.

नंतर ताराबाई मुंबईला आल्या. दादरला त्यांनी शिशुविहार चालवला. काम छान चालले होते, पण मुले येत ती बहुतेक खाऊनपिऊन सुखी घरांतली. गरिबांच्या मुलांचे काय, हा प्रश्न त्यांना स्वस्थ बसू देईना. १९४५ मध्ये, वयाच्या ५३ व्या वर्षी, त्या बोर्डीला गेल्या. अनुताई वाघ तिथे त्यांच्या सहकारी झाल्या.

बोर्डीत बालवाडी निघाली, पण वस्तीतली गरीब मुले तिकडे फिरकेनात. आईबाप कामावर जात, लहानांना आणणार कोण? तेव्हा ताराबाईंनी शाळाच वस्तीत नेली. एखाद्याच्या अंगणात सडासंमार्जन करायचे, मुलांना आंघोळ घालायची, केस विंचरायचे आणि तिथेच खेळ सुरू. महागडी साधने परवडणारी नव्हतीच. शिंपले, बिया, पाने, माती, खडे हीच साधने झाली. मोजणे, वर्गवारी करणे, रंग ओळखणे सगळे त्यातून होई. या प्रयोगाला नाव मिळाले अंगणवाडी.

१९५७ मध्ये, पासष्टीत, त्या कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांमध्ये राहायला गेल्या. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी तिथे कुरणशाळा निघाली. मूल जिथे असेल तिथे शाळा, हेच पुन्हा. १९६२ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्यांचे निधन झाले. दोनच वर्षांनी, १९७५ मध्ये, केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि अंगणवाडी हा शब्द देशभर पोहोचला. तो पाहायला ताराबाई नव्हत्या.

आता आमच्या घरचे सांगतो. नातवाला भरवताना आम्हीही हातात मोबाइल देत होतो. त्याच्या खोलीत खेळण्यांचा ढीग, आणि तो मात्र स्वयंपाकघरात डबे ओढायला धावे. पसारा होतो म्हणून आम्ही त्याला उचलून परत आणत असू. ताराबाईंबद्दल वाचल्यावर उमगले की चूक त्याची नव्हती, आमची होती.

मोबाइल एकदम सुटला नाही, चार दिवस रडारड झाली. पण आता खालच्या कप्प्यातले डबे आणि पातेली त्याची. फरशीवर खडूने रेघ ओढली की तो तिच्यावरून तोल सावरत चालतो. उशांचा डोंगर चढतो, गुंडाळलेली चटई ढकलतो. परातीत थोडे पाणी आणि दोन वाट्या दिल्या की अर्धा तास जातो. तेवढा वेळ आमच्यापैकी एकजण शेजारी बसतो, आणि चिंचोके, मणी असले तोंडात जाणारे काही त्याच्या हाती देत नाही. भिजलेली फरशी पुसायला आता तोच फडके घेऊन येतो.

फ्लॅटमध्ये अंगण नाही, हे खरे. पण ताराबाईंनी मोठी इमारत नसताना अंगण शोधले. आपल्याला चार हात मोकळी फरशी नक्की सापडेल.