ल्युडमिला पाखोमोवा : बर्फावरच्या नृत्यातील पहिल्या ऑलिम्पिक विजेत्या

चाकांचे स्केट्स तुम्ही पाहिले असतील, काहींनी पायात घालूनही बघितले असतील. थंड देशांत मात्र चाकांऐवजी पोलादी पातं लावलेले बूट घालून बर्फावर खेळतात. या खेळाचा एक सुंदर प्रकार म्हणजे आइस डान्स, म्हणजेच बर्फावर जोडीनं केलेलं नृत्य. आज आपण या प्रकारात ऑलिम्पिकचं पहिलं सुवर्णपदक मिळवणाऱ्या ल्युडमिला पाखोमोवा यांची ओळख करून घेऊया.

जन्म आणि सुरुवात

ल्युडमिला यांचा जन्म ३१ डिसेंबर १९४६ रोजी मॉस्को येथे झाला. वडील सोव्हिएत हवाई दलात अधिकारी होते. लहानपणी त्या एकट्यानं स्केटिंग करायच्या. पुढे त्या आइस डान्सकडे वळल्या आणि व्हिक्टर रिझकिन या अनुभवी खेळाडूबरोबर देशात विजेत्या ठरल्या.

हा खेळ असतो तरी कसा?

बर्फावर जोडीनं खेळायचा आणखी एक प्रकार आहे. त्यात पुरुष आपल्या जोडीदाराला डोक्यावर उचलतो, हवेत फेकतो. आइस डान्समध्ये तसं चालत नाही. इथे दोघांनी एकमेकांच्या जवळ राहून तालावर नाचायचं असतं. पात्याला आतली आणि बाहेरची अशा दोन कडा असतात. कोणत्या ठेक्याला कोणती कड बर्फावर टेकवायची, हे पक्कं ठरलेलं असतं. एकाचा पाय चुकला की गुण दोघांचे जातात. त्या काळी परीक्षक जास्तीत जास्त ६ गुण देत. या प्रकाराची जागतिक स्पर्धा १९५२ पासून सुरू झाली आणि सुरुवातीची कितीतरी वर्षं ब्रिटिश जोड्याच त्यात पुढे होत्या.

धाडसी निवड

१९६६ मध्ये रिझकिन यांच्याबरोबरची जोडी सुटली. आता नवा जोडीदार हवा होता. ल्युडमिला यांनी अलेक्झांडर गोर्शकोव्ह यांना निवडलं. गोर्शकोव्ह तेव्हा फारसे नावाजलेले नव्हते. स्वतः विजेती असताना आपल्यापेक्षा मागे असलेला जोडीदार घेणं म्हणजे पुन्हा पहिल्या पायरीपासून चढणं! पण दोघांनी येलेना चायकोवस्काया या तरुण प्रशिक्षिकेच्या हाताखाली मेहनत सुरू केली. ब्रिटिश जोड्यांची शैली नीटनेटकी, संयमी होती. या तिघांनी रशियन लोकनृत्याचा रंग आणि रंगभूमीवरचा अभिनय बर्फावर आणला.

फळ लगेच मिळालं नाही. १९६९ च्या जागतिक स्पर्धेत ते दुसरे आले आणि १९७० मध्ये युगोस्लाव्हियातील ल्युब्लियाना इथे पहिले. त्याच वर्षी दोघांचं लग्नही झालं.

पराभव आणि आजारपण

विजेत्यांनाही हार पचवावी लागते. १९७२ च्या युरोपीय स्पर्धेत जर्मनीच्या अँजेलिका आणि एरिक बुक या बहीणभावानं त्यांना मागे टाकलं. पण काही आठवड्यांतच कॅनडातल्या कॅलगरी इथे त्यांनी जागतिक विजेतेपद स्वतःकडेच राखलं.

खरी परीक्षा १९७५ मध्ये आली. युरोपीय स्पर्धा जिंकल्यावर गोर्शकोव्ह यांना फुप्फुसाचा गंभीर त्रास झाला, शस्त्रक्रिया करावी लागली. जागतिक स्पर्धा अमेरिकेत कोलोरॅडो स्प्रिंग्ज इथे होती. हे गाव समुद्रसपाटीपासून १८०० मीटरपेक्षा उंच असल्यानं तिथली हवा विरळ. त्या वर्षी ही जोडी स्पर्धेत उतरू शकली नाही. विजेतेपद त्यांच्याच देशातल्या इरिना मोइसेयेवा आणि आंद्रेई मिनेन्कोव्ह यांच्याकडे गेलं. पुढच्याच वर्षी ऑलिम्पिकमध्ये आइस डान्सचा पहिल्यांदा समावेश होणार होता. तोपर्यंत गोर्शकोव्ह बरे होतील का, हा प्रश्न होता.

ल्युडमिला यांनी जोडीदार बदलला नाही. फेब्रुवारी १९७६ मध्ये ऑस्ट्रियातील इन्सब्रुक इथे दोघं एकत्र उतरले आणि सुवर्णपदक जिंकलं. मोइसेयेवा आणि मिनेन्कोव्ह दुसरे आले. त्याच वर्षी सहावं जागतिक विजेतेपद मिळवून दोघांनी स्पर्धांचा निरोप घेतला. युरोपीय विजेतेपदंही सहाच!

मागे राहिलेलं नृत्य

१९७४ च्या सुमारास या दोघांनी चायकोवस्काया यांच्यासह टँगो रोमँटिका हे नृत्य बसवलं होतं. पुढे ते स्पर्धेच्या सक्तीच्या नृत्यांमध्ये घेतलं गेलं. सक्तीचं नृत्य म्हणजे सगळ्या जोड्यांनी तीच पावलं, त्याच क्रमानं करून दाखवायची. आपण जशी सगळ्यांना एकच कविता पाठ करायला देतो, तसंच! त्यामुळे ल्युडमिला यांची पावलं जगभरातल्या जोड्या गिरवू लागल्या.

निवृत्तीनंतर १९७७ मध्ये त्यांना मुलगी झाली. त्या प्रशिक्षिका झाल्या आणि मॉस्कोच्या नाट्यसंस्थेत नृत्यदिग्दर्शन शिकवू लागल्या. पण कर्करोगानं त्यांना गाठलं. आजारातही त्यांनी काम सोडलं नाही. १७ मे १९८६ रोजी, वयाच्या अवघ्या ३९ व्या वर्षी त्यांचं निधन झालं. १९८८ मध्ये या जोडीचा फिगर स्केटिंगच्या जागतिक सन्मान दालनात समावेश झाला.

आपण काय शिकलो?

वर्गात जोडीनं काम द्यायचं म्हटलं की सगळ्यांना हुशार जोडीदारच हवा असतो. ल्युडमिला यांनी मागे असलेल्या जोडीदाराला सोबत घेतलं, आणि दहा वर्षांनी इन्सब्रुकला दोघंही एकाच पायरीवर उभे होते. मुलांनो, पुढच्या वेळी जोडी निवडताना ही गोष्ट जरूर आठवा.