मिरजेचे फरीदसाहेब

राजेमहाराजांची चरित्रे आपण शाळेपासून वाचत आलो आहोत. थोर गवयांची चरित्रेही मराठीत पुष्कळ आहेत. परंतु गवयाच्या मागे बसून जो तंबोरा मैफलभर बोलत असतो, तो घडविणारे हात कोणाचे, हे विचारावे असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. महाराष्ट्रात हा प्रश्न विचारला तर उत्तर मिरज या गावी मिळते आणि तेथे पहिले नाव घेतले जाते ते फरीदसाहेब शिकलगर यांचे.

माझ्याही कानावर हे नाव पडण्याचे काही कारण नव्हते. मालेगाव तालुक्यातील आमच्या लहानशा गावी दरवर्षी हरिनाम सप्ताह होतो. एका वर्षी मंदिराची दारे रंगवून थोडा ऑइलपेंट उरला. वीणा फार जुनाट दिसते म्हणून आम्ही उत्साही पोरांनी तिलाही दोन हात चॉकलेटी रंग मारला. वीणा नव्यासारखी दिसू लागली खरी, पण सप्ताह बसला आणि ती बोलेना. आवाज घोंगडीखालून आल्यासारखा येई. सप्ताहात वीणा खाली ठेवायची नसते, ती एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते. त्यामुळे घामेजलेला हात दांडीला चिकटतो ही तक्रार सात दिवसांत गावातल्या प्रत्येक विणेकऱ्याने केली. पुढे आषाढीची वारी आटोपल्यावर आमची वडील मंडळी वीणा घेऊन पंढरपूरहून आगगाडीने मिरजेला गेली. प्रायश्चित्त म्हणून वीणा वाहायला मला बरोबर नेले होते. तेथल्या कारागिराने ती पाहून आधी कपाळाला हात लावला. मग काम करता करता त्यांनी जे सांगितले त्यात फरीदसाहेबांचे नाव पुन्हा पुन्हा येत होते. परत आल्यावर मी त्यांच्याविषयी मिळेल ते वाचले.

फरीदसाहेबांचे आडनाव शिकलगर. हे नाव मुळात धंद्याचे आहे. सैकल या अरबी शब्दाचा संबंध धातूला झिलई देण्याशी आहे आणि सैकलगर म्हणजे झिलई देणारा. त्याचेच मराठीत शिकलगर झाले. तलवारी, कट्यारी, भाल्यांची पाती यांना धार लावावी, गंज काढावा, पाते आरशासारखे लखलखीत करावे, हे या लोकांचे पिढीजात काम. मिरज हे किल्ल्याचे गाव आणि पटवर्धनांचे संस्थान. तेव्हा शिकलगरांच्या घरी कामाला तोटा नसणार हे उघड आहे.

परंतु १८१८ साली पेशवाई बुडाली आणि दक्षिणेतील लढाया थांबल्या. सैन्येच राहिली नाहीत तर तलवारींना धार कोण लावून घेणार? पुढे १८७८ च्या कायद्याने ब्रिटिश मुलखात परवान्याशिवाय हत्यार बाळगणेही गुन्हा ठरले. राज्य गेले की राजाचे काय होते ते इतिहासात सविस्तर येते, शिकलगराचे काय होते ते येत नाही. हातात कसब आहे, घरात अवजारे आहेत आणि गिऱ्हाईक नाही, अशी ती अवस्था होती. फरीदसाहेब आणि त्यांचे बंधू मोईनुद्दीन यांच्या वाट्याला नेमका हाच काळ आला.

मिरजेत पिढ्यान्‌पिढ्या सांगितले जाते ते असे. पटवर्धन संस्थानिकांना गाण्याची आवड होती. त्यांच्या दरबारी दूरदूरचे गवई येत. प्रवासात तंबोरा फुटे, दांडी तडके, खुंटी सैल होई, आणि दुरुस्तीला जवळपास कोणी नसे. तेव्हा बारीक कामाचा हात म्हणून हे काम शिकलगर बंधूंकडे आले. दुरुस्ती करता करता त्यांनी वाद्य आतून पाहिले, त्याची मापे घेतली, आणि १८५० च्या सुमारास स्वतः तंबोरा घडविण्यास सुरुवात केली. मिरजेच्या तंतुवाद्यांची परंपरा येथूनच मोजली जाते.

ही गोष्ट दोन ओळींत सांगून होते, पण ती करणे सोपे नव्हते. जन्मभर लोखंड हाताळलेल्या माणसाने भोपळा हाती घ्यायचा! तोही खाण्याचा नव्हे. पंढरपूर, मंगळवेढा या बाजूला भीमेच्या काठी मोठाले कडू भोपळे पिकतात. ते वाळवतात, कापण्यापूर्वी पाण्यात भिजवून मऊ करतात, आणि आत काड्यांचे टेकू देऊन हव्या त्या गोलाईत पुन्हा सुकवतात. दांडी तून नावाच्या तांबूस, हलक्या लाकडाची, आणि ती आतून पोकळ. भोपळ्याच्या तोंडावर पातळ तबली बसवायची, तबलीवर घोडी. या घोडीचा माथा कानशीने असा हलका उतरता करावा लागतो की छेडलेली तार त्याला पुसटशी घासत थरथरली पाहिजे. त्यालाच जवारी काढणे म्हणतात. मध्ये सुताचा धागा सरकवून ती जागा नेमकी सापडवायची. केसभर जास्त घासले तर सूर उडाला. पात्याची धार बोटाने ओळखणाऱ्या शिकलगराला हे काम साधले यात मला नवल वाटत नाही. कानस तीच होती आणि बोटेही तीच.

मला नवल वाटते ते झिलईचे. पोलादाला झिलई देताना वर काही चढवायचे नसते, घासून घासून खालचे तेज वर आणायचे असते. लाकडाचे तसे नाही. लाकूड उघडे ठेवले तर पावसाळ्यात ओल पिते, उन्हाळ्यात आकसते आणि हाताच्या घामाने काळे पडते. म्हणून त्यावर काहीतरी चढवावेच लागते. पण जाड चढवले तर तबली जड होते आणि तिचे कंपन दबते. म्हणजे संरक्षण हवे, पण ओझे नको. आमच्या ऑइलपेंटने नेमके ओझे घातले होते.

मिरजेच्या कारागिरीत याचे उत्तर लाखेत सापडते. पळस, बोर, कुसुम या झाडांवर बारीक किडे जी राळ सोडतात ती ही लाख. आपल्या विदर्भातही, विशेषतः गोंदियाकडे, ती होते. शुद्ध करून पातळ पापुद्रे केले की तिला चपडा म्हणतात. चपडा स्पिरिटमध्ये विरघळवतात आणि कापडात गुंडाळलेल्या कापसाच्या बोळ्याने लाकडावर फिरवतात. त्याआधी काचकागदाने लाकूड इतके गुळगुळीत करायचे की डोळे मिटून हात फिरवला तरी कोठे अडू नये. स्पिरिट झटकन उडून जाते आणि मागे राहतो तो कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ थर. असा एक थर, मग दुसरा, मध्ये पुन्हा घासणे. पुष्कळ थर देऊनही एकूण जाडी नावापुरतीच. आतले लाकडाचे रेषे झाकले न जाता उलट अधिक उठून दिसतात. तेव्हा येथेही शिकलगराचीच रीत चालली आहे असे म्हणावयास हरकत नाही. लाख चढते ती थोडी, बाकी सारे घासणेच. शिवाय लाखेचा एक गुण असा की पुढे कधी चरा पडला तर नवा थर जुन्यात विरघळून एकजीव होतो. वाद्य शंभर वर्षे दुरुस्त करीत वापरता येते ते यामुळे. तिचे दोषही आहेत. पाण्याने ती पांढरी पडते, उन्हात मऊ होते. बाजारातील मेलामाईन पॉलिश याहून टणक आणि चमकदार असते, पण ते एकदा सोलले की असे एकजीव होत नाही.

हा प्रश्न काही केवळ आपल्याकडचा नाही. विलायती गिटारची मान, म्हणजे आपल्या भाषेत दांडी, पुष्कळदा मेपल नावाच्या पांढरट लाकडाची असते. ते घामाने लवकर मळते म्हणून त्यावर लॅकर देतात, आणि लॅकर जाड झाले की अंगठा अडतो म्हणून वाजवणारे ते घासून मंद करतात. इटलीतील क्रेमोना गावचे स्त्रादिव्हारी १७३७ साली वारले. त्यांच्या व्हायोलिनवरील व्हार्निशचा अभ्यास शास्त्रज्ञ एकविसाव्या शतकातही करीत आहेत. व्हायोलिनच्या मानेवर जेथे हात सरकतो तेथे मात्र व्हार्निश न देता नुसते तेल पाजून सोडण्याची चाल आहे. स्त्रादिव्हारींचे नाव शाळकरी मुलांच्या सामान्यज्ञानाच्या पुस्तकात येते. फरीदसाहेबांचे नाव मला आमच्या एकाही पाठ्यपुस्तकात आढळले नाही.

गवयांनी मात्र त्यांच्या परंपरेला मान दिला. कैराना येथे १८७२ साली जन्मलेले खाँसाहेब अब्दुल करीम खाँ मिरजेत येऊन राहिले. तंबोरा जुळवावा तर त्यांनी, अशी त्यांची ख्याती होती आणि वाद्यदुरुस्तीत त्यांचा स्वतःचा हात चालत असे. असा कान असलेला माणूस ज्या गावी राहिला, त्या गावचे तंबोरे कसे असतील? १९३७ साली त्यांचे देहावसान झाले. मिरजेच्या मीरासाहेबांच्या दर्ग्याजवळ त्यांचे दफन झाले आणि तेथे उरुसात त्यांच्या स्मरणार्थ गाणे होते.

फरीदसाहेबांच्या वंशजांनी आणि त्यांच्याकडून शिकलेल्यांनी हा धंदा पुढे नेला. पुष्कळ घरांनी शिकलगर हे आडनाव सोडून सतारमेकर असे लावले आणि त्यांच्या वस्तीला सतारमेकर गल्ली म्हणू लागले. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. मानांकनाने नाव राखले जाईल. परंतु एक चांगला तंबोरा व्हायला महिने लागतात, आणि यंत्रातला तंबोरा कळ दाबताच सुरू होतो. तरुण मुलांनी दिवसभर बोळा फिरवीत का बसावे, या प्रश्नाला त्या गल्लीतही सोपे उत्तर नाही.

आमची वीणा त्या कारागिराने काचेच्या तुकड्याने खरवडली. आमचा चॉकलेटी रंग सालींसारखा निघून खाली पडत होता आणि त्याखालून तांबूस तून उघडी होत होती. खाली जुन्या लाखेचा अंश कोठे कोठे शिल्लक होता, तो त्यांनी तसाच राखला आणि त्यावरच नवी लाख दिली. पुढच्या सप्ताहात पहिल्या पहाऱ्याला वीणा माझ्या गळ्यात आली. दांडीवर हात कोठे अडला नाही. आता मंदिराची दारे रंगवताना वीणा पुजाऱ्यांच्या घरी नेऊन ठेवतात.