जगाला ‘टाइम मशीन’ देणारा वेल्स घरात पोरांसोबत जमिनीवर लोळून लढाया खेळायचा

दिवाळीची सुट्टी लागली की ठाणे, डोंबिवली, कल्याणच्या सोसायट्यांमध्ये एका कोपऱ्यात मातीचा ढीग येऊन पडतो. विटा, दगड, गोणपाट, चिखल. वरून हळीव नाहीतर मोहरी पेरली की चार दिवसांत डोंगर हिरवागार. कल्याणच्या पोरांना दुर्गाडी घराजवळच असतो, बाकीचे राजगड, प्रतापगड, सिंधुदुर्ग असं काय काय करतात. बाजारातून मावळे येतात, महाराज सिंहासनावर बसतात आणि मग खरी गंमत सुरू होते. कोणता मावळा कुठून चढणार, तोफ कुठं ठेवायची, फितूर कोण होणार, यावर तासन्‌तास खल चालतो. किल्ला बांधायला जितका वेळ जातो तितकाच गोष्ट रचण्यात जातो. शेवटच्या दिवशी सुतळी बॉम्ब लावून तो उडवायचा की नाही, यावरून भांडणं होतात ती वेगळीच.

आता समजा, एखाद्या मोठ्या माणसानं हा खेळ मनावर घेतला, त्याचे नियम लिहून काढले आणि चक्क पुस्तक छापलं तर?

इंग्लंडमध्ये हे झालंय. आणि करणारा माणूस कुणी रिकामटेकडा नव्हता. काळातून प्रवास करणारं यंत्र, अदृश्य झालेला माणूस, मंगळावरून पृथ्वीवर झालेली स्वारी, हे सगळं ज्याच्या कादंबऱ्यांमधून जगभर पोचलं तो हर्बर्ट जॉर्ज वेल्स म्हणजेच एच. जी. वेल्स.

वेल्सचा जन्म २१ सप्टेंबर १८६६ चा, लंडनजवळच्या ब्रॉमली गावातला. वडील जोसेफ यांचं चिनी मातीच्या भांड्यांचं दुकान होतं. ते चालायचं नाही, म्हणून सोबत क्रिकेटचं सामान विकायचे. स्वतः पैसे घेऊन क्रिकेट खेळायचे आणि गडी भारी होता, १८६२ साली केंट संघाकडून ससेक्सविरुद्ध त्यांनी सलग चार चेंडूंवर चार बळी घेतले होते. आई सारा श्रीमंतांच्या घरी नोकरी केलेली.

सात वर्षांचा असताना हर्बर्टचा पाय मोडला. पोरगं अंथरुणाला खिळलं आणि पुस्तकांना चिकटलं. पुढं वडिलांचाही पाय मोडला, क्रिकेट सुटलं, घरातला पैसा आटला. आई उपार्क नावाच्या वाड्यात पुन्हा कामाला लागली आणि हर्बर्टला कापडाच्या दुकानात उमेदवारीला बसवलं. दिवसाला तेरा तेरा तास काम. त्यानं ते दोन वर्षं कसंबसं काढलं आणि सोडून दिलं. मग शाळेत शिकवता शिकवता शिकला, शिष्यवृत्ती मिळवली आणि १८८४ मध्ये लंडनला विज्ञान शिकायला गेला. तिथं जीवशास्त्र शिकवायला होते थॉमस हक्सले. डार्विनची बाजू जाहीरपणे लढवणारे तेच हक्सले.

१८८७ मध्ये वेल्समधल्या एका शाळेत मास्तरकी करताना फुटबॉलच्या मैदानात त्याला जबर मार बसला. मूत्रपिंड दुखावलं, पाठोपाठ रक्ताच्या उलट्या. आता हा फार जगत नाही असंच लोकांना वाटलं. तो जगला. नंतर लंडनच्या हेन्ली हाउस शाळेत शिकवायला लागला. तिथं त्याच्या वर्गात मुख्याध्यापकांचा मुलगा होता, ए. ए. मिल्न. पुढं पोराच्या खेळण्यातल्या अस्वलावरून ‘विनी द पू’ लिहिणारा हाच मिल्न. घरातली खेळणी साहित्यात आणणारे दोन लेखक एकाच वर्गात, एक फळ्यापाशी आणि एक बाकावर.

१८९५ ला ‘टाइम मशीन’ आली, १८९७ ला ‘इन्व्हिजिबल मॅन’, १८९८ ला ‘वॉर ऑफ द वर्ल्ड्स’. पैसा आला. सँडगेट या समुद्राकाठच्या गावी वेल्सनं स्वतःचं घर बांधलं, त्याचं नाव स्पेड हाउस. बायको जेन, १९०१ ला झालेला गिप आणि १९०३ ला झालेला फ्रँक. या घराची जमीन म्हणजे कायम युद्धभूमी. खेळण्यातले शिपाई, विटा, फळ्या, आगगाड्या पसरलेल्या.

किस्सा असाय की एकदा वेल्सचा एक लेखक मित्र जेवायला आला होता. पुस्तकात वेल्स त्याचं नाव झाकून फक्त आद्याक्षरं देतो, पण तो म्हणजे ‘थ्री मेन इन अ बोट’वाला जेरोम के. जेरोम असंच मानलं जातं. दुपारचं जेवण झालं, कॉफी यायची होती. शेजारच्या टेबलावर पोरांचे चार-पाच शिपाई आणि स्प्रिंगवर चालणारी एक छोटी तोफ पडलेली. लाकडाची बारकी गोळी खरोखर उडवणारी. पाहुण्यानं खुर्ची सरकवली, नेम धरला आणि एक शिपाई आडवा केला. वर बढाई मारली, पुन्हा मारून दाखवतो म्हणाला. झालं! दोन नामवंत लेखक पोरांच्या खेळण्यांवर तुटून पडले.

सुरुवातीला नुसतीच नेमबाजी होती. मग कुणीतरी म्हणालं, शिपाई पुढं सरकायला पाहिजेत. मग घरं, झाडं, टेकड्या आल्या. दक्षिण आफ्रिकेच्या युद्धातून परतलेल्या एका कॅप्टनानं खेळाला वेग दिला. अनेक वेळा खेळून, भांडून, दुरुस्त करून नियम बसले. पायदळानं एका चालीत एक फूट जायचं, घोडदळानं दोन फूट. तोफेजवळ किमान चार माणसं असतील तरच ती चालणार. चाल घड्याळ लावून करायची, म्हणजे विचार करत बसायची सोय नाही. सुरुवातीला मैदानात मध्ये पडदा सोडायचा आणि दोघांनी आपापली फौज गुपचूप मांडायची. दोन तुकड्या एकमेकींना भिडल्या तर बरोबरीत माणसं मारली जाणार, पण एखादी तुकडी एकटी पडून वेढली गेली तर तिला कैद. यात फाशांना कामच नाही. तोफ मात्र स्वतः नेम धरून मारायची, त्यामुळं जमिनीवर पोट टेकून एक डोळा मिटल्याशिवाय सेनापती होता यायचं नाही.

१९११ मध्ये वेल्सनं ‘फ्लोअर गेम्स’ हे छोटं पुस्तक काढलं. लढाईच्या पुस्तकापेक्षा हे जास्त गोड आहे. यात जमीन म्हणजे समुद्र, फळ्या म्हणजे बेटं, आणि बेटांवर कोण राहतं, कोण जहाजातून येतं, काय घडतं याची गोष्ट खेळणाऱ्यांनी जागच्या जागी रचायची. दुसरा खेळ शहरं वसवण्याचा. गिप आणि फ्रँक दोघांनाही महापौर व्हायचं असायचं, म्हणून शहरं कायम दोन, जोडीनं. प्रत्येकाचा कारभार वेगळा, पण रेल्वेचे रूळ मात्र दोघांच्या सामाईक मालकीचे. आणि कायदा असा, की कुणाचीही गाडी दुसऱ्याच्या शहरातून फिरून परत आपल्या स्टेशनात आली पाहिजे, त्यासाठी परवानग्या मागत बसायचं नाही. कल्याण आणि डोंबिवली मिळून १९८३ पासून एकच महापालिका आहे, मध्ये ठाकुर्ली स्टेशन आहे, आणि रूळ तर सगळ्यांचेच. वेल्सच्या पोरांना हे शहर बरोबर कळलं असतं.

मोठा माणूस इथं काय करत होता, हे बघण्यासारखं आहे. तो पोरांना खेळ शिकवत नव्हता. तो त्यांच्याबरोबर खेळत होता, त्यांचे कायदे पाळत होता आणि हरतही होता. एडवर्डच्या काळातल्या इंग्लंडमध्ये बापानं गुडघ्यावर रांगणं ही काही रोजची गोष्ट नव्हती.

१९१३ ला लढाईच्या खेळाचं पुस्तक आलं, ‘लिटल वॉर्स’. त्याच्या लांबलचक नावात वेल्सनं सांगून टाकलंय की हा खेळ बारा वर्षांपासून दीडशे वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी आहे, शिवाय मुलांचे खेळ आवडणाऱ्या हुशार मुलींसाठीही. ‘हुशार’ची ही अट वाचून आजच्या मुली त्याला दोन शब्द सुनावतील, आणि सुनवावेतच. नियमांनंतर एका लढाईचं वर्णन आहे, तेही खेळणाऱ्याच्या तोंडून नाही तर लढाई जिंकून आलेल्या फुशारक्या सेनापतीच्या तोंडून. म्हणजे वेल्स नुसती सोंगटी हलवत नव्हता, सोंग घेऊन बोलत होता.

पण या पुस्तकाचा जीव शेवटच्या प्रकरणात आहे. वेल्स म्हणतो की आमच्या युद्धात कुणाची आई रडत नाही, शेतं जळत नाहीत, आणि कुठल्याही सेनापतीनं हा खेळ तीन-चार वेळा खेळला तरी त्याला कळेल की खरं युद्ध किती मूर्खपणाचं असतं. त्याची सूचना अशी, की युद्धाची खुमखुमी असलेल्या राजांना आणि पुढाऱ्यांना एका प्रचंड दालनात कोंडा, त्यांना हवी तेवढी खेळण्यातली झाडं, घरं, शिपाई द्या, आणि बाकीच्या जगाला सुखानं जगू द्या.

एका वर्षात खरं युद्ध आलं.

४ ऑगस्ट १९१४ ला ब्रिटननं जर्मनीविरुद्ध युद्ध पुकारलं. तेव्हा गिप तेरा वर्षांचा होता, फ्रँक दहाचा. त्याच दिवशी वेल्सचा आणखी एक मुलगा जन्मला, अँथनी. त्याची आई लेखिका रेबेका वेस्ट. वेल्सची अशी प्रकरणं बरीच होती आणि जेनला ती ठाऊक होती. गिप आणि फ्रँकला जमिनीवर रांगणारा बाप मिळाला, अँथनीच्या वाट्याला अधूनमधून येणारा पाहुणा आला. ही बाजू झाकून वेल्सला आदर्श बाप ठरवणं बरोबर नाही.

आणि युद्धाचं काय? राजांना कोंडा म्हणणाऱ्या वेल्सनं काही दिवसांतच युद्धाच्या बाजूनं लेख लिहायला सुरुवात केली. त्याचं म्हणणं, जर्मन लष्करशाही मोडली की पुन्हा युद्धच होणार नाही. हे युद्ध युद्धांना संपवणारं आहे, ही घोषणा त्याच्याच लेखांमधून पसरली. नंतर आयुष्यभर लोक ती त्याच्या तोंडावर मारत राहिले. १९१६ च्या कादंबरीत त्यानं युद्धावर लिहिणारा एक लेखक रंगवला, ज्याचा मुलगा आघाडीवर मारला जातो. १९१८ मध्ये तो जर्मनीविरुद्धच्या सरकारी प्रचाराच्या कामात होता. मग राष्ट्रसंघाची कल्पना, जगाचा इतिहास, माणसाच्या हक्कांचा मसुदा, असं लिहीतच राहिला. जेन १९२७ ला गेली. गिप प्राणिशास्त्रज्ञ झाला आणि वडील व ज्युलियन हक्सले यांच्यासोबत त्यानं जीवशास्त्रावर मोठा ग्रंथ लिहिला. म्हणजे बाप-लेक पुन्हा एकत्र बसले, यावेळी टेबलावर.

१९१४ च्याच कादंबरीत वेल्सनं अणुबॉम्ब कल्पिला होता. हिरोशिमा, नागासाकी बघूनच तो १३ ऑगस्ट १९४६ ला लंडनमध्ये गेला.

शिपायांचा खेळ मात्र चालू राहिला. इंग्लंड-अमेरिकेतल्या हौशी लोकांनी नियम वाढवले, तोफेच्या जागी फासे आले. १९६९ मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटात डेव्हिड वेसली नावाच्या तरुणानं एका खेळात प्रत्येकाला फौजेऐवजी एकच पात्र दिलं. कुणी गावचा महापौर, कुणी विद्यार्थी. लोक लढायचं सोडून एकमेकांशी बोलत, कट रचत बसले. त्याच मंडळातल्या डेव्ह आर्नेसननं ही कल्पना किल्ले, तळघरं आणि राक्षसांच्या दुनियेत नेली. आर्नेसन आणि गॅरी गायगॅक्स या दोघांनी १९७४ मध्ये ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ आणला. एकानं गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी आपापलं पात्र बनून ठरवायचं की पुढं काय करायचं, आणि जमलं की नाही ते फाशांनी सांगायचं. आज ठाण्या-डोंबिवलीच्या एखाद्या फ्लॅटमध्ये मित्र किंवा घरचेच लोक टेबलाभोवती बसून ‘तू दार उघडतोस, आत अंधार आहे’ असं काही बोलताना दिसले, तर ते हाच खेळ खेळतायत.

‘लिटल वॉर्स’च्या एका नव्या आवृत्तीला पुढं गायगॅक्सनंच प्रस्तावना लिहिली. त्याचा स्वतःचा खेळ छापून येण्याआधी घरातच चालवून पाहिला गेला होता. तेव्हा टेबलाशी बसलेले पहिले दोन खेळाडू होते त्याची शाळकरी मुलं, अर्नी आणि एलिस.