विलोबी डेटन मिलर

विलोबी डेटन मिलर (१ ऑगस्ट, १८५३ - २७ जुलै, १९०७) हे अमेरिकन दंतवैद्य व सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ होते. दंतक्षयाची कारणमीमांसा त्यांनी प्रयोगांच्या आधारे मांडली. मुखातील जीवाणू शरीराच्या अन्य भागांतही रोग निर्माण करू शकतात, या विचाराचे ते आद्य पुरस्कर्ते मानले जातात.

जीवन

मिलर यांचा जन्म ओहायो राज्यातील अलेक्झांड्रिया गावाजवळ झाला. १८७५ मध्ये ते मिशिगन विद्यापीठाचे पदवीधर झाले. पुढील शिक्षणासाठी युरोपात गेले असता बर्लिनमधील अमेरिकन दंतवैद्य फ्रँक अ‍ॅबट यांच्या सहवासात ते दंतवैद्यकाकडे वळले. अ‍ॅबट यांच्या कन्येशी त्यांचा विवाह झाला. १८७९ मध्ये फिलाडेल्फिया येथे दंतवैद्यकाचे शिक्षण पूर्ण करून ते बर्लिनला परतले. १८८४ मध्ये बर्लिन विद्यापीठात त्यांची प्राध्यापकपदी नेमणूक झाली. १९०७ मध्ये मिशिगन विद्यापीठाच्या दंतवैद्यक महाविद्यालयाचे अधिष्ठातापद स्वीकारून ते मायदेशी आले; परंतु आंत्रपुच्छाच्या विकारावरील शस्त्रक्रियेनंतर न्यूअर्क (ओहायो) येथे त्यांचे निधन झाले.

संशोधन

रॉबर्ट कॉख यांच्या जीवाणुसंवर्धनाच्या पद्धती मिलर यांनी मुखरोगांच्या अभ्यासात वापरल्या. लाळ व पाव यांच्या मिश्रणात ठेवलेले दात मऊ पडतात. लाळ आधी उकळल्यास तसे होत नाही, असे त्यांना आढळले. पिष्टमय पदार्थ आंबवून जीवाणू आम्ल तयार करतात व त्याने दात झिजतो, हा निष्कर्ष त्यांनी १८९० च्या इंग्रजी ग्रंथात मांडला. लाळेबरोबर गिळलेल्या जीवाणूंचा पचनमार्गातील आढळही त्यांनी अभ्यासला. १८९१ मध्ये त्यांनी मुख हे संसर्गाचे केंद्र असल्याचे प्रतिपादन केले.

प्रभाव

मिलर यांचा भर दातांवरील उपचारांवर होता. तथापि त्यांच्या पश्चात याच विचाराच्या अतिरेकातून असंख्य रुग्णांचे दात विनाकारण उपटले गेले आणि पुढे हा सिद्धान्तच मागे पडला.

मिलर यांनी कर्करोगावर संशोधन केले नव्हते. मात्र २०१२ मध्ये दोन स्वतंत्र संशोधक गटांना मोठ्या आतड्याच्या कर्करोगाच्या गाठींत फ्युझोबॅक्टेरियम न्यूक्लिएटम हा मुखातील जीवाणू निरोगी ऊतींपेक्षा अधिक प्रमाणात आढळला, आणि मुख व पचनमार्ग यांच्या संबंधाचा प्रश्न नव्याने पुढे आला. हिरड्यांच्या रोगातील पॉर्फिरोमोनास जिंजिव्हालिस या जीवाणूचा अन्ननलिकेच्या कर्करोगाशी असलेला संबंधही अभ्यासला जात आहे. असे जीवाणू रोगाचे मूळ कारण आहेत की गाठीत वाढून रोगास हातभार लावतात, याचा निर्णय अद्याप झालेला नाही.