गावाने पंगत नाकारली, तरी नाथ डगमगले नाहीत

नाथषष्ठीला पैठणच्या गोदाकाठी पाय ठेवायला जागा नसते. गावोगावच्या दिंड्या नाथांच्या दर्शनाला येतात. पण याच नाथांच्या घरी जेवायला जायचं नाही, असं एकेकाळी त्यांच्याच गावच्या मंडळींनी ठरवलं होतं.

एकनाथ महाराज सोळाव्या शतकातले. आई-वडील लहानपणीच गेले, आजोबा चक्रपाणींनी वाढवलं. पुढे देवगिरीच्या किल्ल्यावर जनार्दन स्वामींकडे राहून गुरुसेवा केली आणि पैठणला परतून संसार थाटला.

परंपरेने सांगितलेली गोष्ट अशी. घरी श्राद्धाचा स्वयंपाक झाला होता. वास आला म्हणून दारावरून जाणारं एक गरीब कुटुंब थबकलं. त्या काळी त्यांना अस्पृश्य मानत. नाथ आणि गिरिजाबाईंनी ते सगळं अन्न त्यांना वाढलं आणि ब्राह्मणांसाठी पुन्हा स्वयंपाक केला. हे कळताच निमंत्रित मंडळींनी पाठ फिरवली. तेव्हा पितर स्वतः येऊन जेवून गेले, असं भाविक सांगतात.

वाळीत टाकणं आज महाराष्ट्रात गुन्हा आहे, २०१६ चा कायदा आहे. नाथांच्या काळी तसा काही आधार नव्हता. गावाने तोंड फिरवलं की लग्नकार्य, पूजाअर्चा सगळंच अडायचं. तरी नाथ कुणाशी भांडले नाहीत आणि भुकेल्याला वाढलं ते चुकलं, असंही त्यांनी मानलं नाही. रामेश्वराला वाहायला कावडीतून आणलेलं गंगाजल त्यांनी वाटेत तडफडणाऱ्या गाढवाला पाजलं, तेही याच भावनेतून. देवाला ते तिथेच पोहोचलं, असा त्यांचा विश्वास.

गावाचं सोसता येतं, घरच्यांचं सोसणं अवघड. त्यांचा मुलगा हरिपंडित संस्कृतचा मोठा विद्वान. वडील मराठीत पुराण सांगतात, कुणाकडेही जेवतात, हे त्याला पटेना. तो रागावून काशीला गेला. नाथ त्याला आणायला गेले. मराठीत पुराण सांगायचं नाही आणि परान्न घ्यायचं नाही, या अटींवर तो परत आला. नाथांनी वाद घातला नाही. हरिपंडित संस्कृतात पुराण सांगू लागला आणि श्रोते हळूहळू पांगले. शेवटी त्यालाच वडिलांचं मोठेपण उमगलं आणि नाथांची मराठी वाणी पुन्हा सुरू झाली.

त्या वाणीचं काम मोठं आहे. १५७३ मध्ये काशीत त्यांनी भागवताच्या अकराव्या स्कंधावरची मराठी टीका पूर्ण केली. धर्मग्रंथ मराठीत आणला म्हणून तिथल्या पंडितांचाही रोष त्यांनी सोसला, असं सांगतात. १५८४ मध्ये ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत तयार केली. भारुडं तर आजही आपल्या गावात रंगतात. १५९९ मध्ये फाल्गुन वद्य षष्ठीला त्यांनी गोदावरीत देह ठेवला.

लोक काय म्हणतील, या धास्तीने आपण लग्नासाठी कर्ज काढतो, तेराव्याला ऐपतीबाहेर पंगती उठवतो आणि दारात उपाशी उभा असलेला माणूस मात्र दिसत नाही. नाथांनी आधी तो माणूस बघितला. ज्यांनी पंगत नाकारली त्यांची नावं आज कुणाला आठवत नाहीत. नाथांचं नाव मात्र घरोघरी आहे. तेही त्यांनी नावासाठी केलं नव्हतं. देवाला पटलं की पुरे, एवढाच त्यांचा हिशेब होता.